साडेतीनशेचा वजनकाटा, बॉल-काड्यांचं किट आणि अकरावीतला मोल

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच परत जातील. खिशात मावणारा डिजिटल वजनकाटा, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा, साडेतीनशेच्या आसपास मिळतो, तो घ्या. रंगीत बॉल आणि काड्यांचं मॉलिक्यूल किट जवळजवळ दुप्पट किमतीला आहे, घेतलंत तर वाया जाणार नाही पण बॉक्सवरच्या चित्रांवर अजिबात विश्वास ठेवू नका. दोन्हीपैकी एकच परवडत असेल तर काटा, काटा आणि काटाच.

हे रिव्ह्यू कोणासाठी, तर ज्यांच्या घरात नववी ते अकरावीतलं पोर आहे आणि "मोल कन्सेप्ट" हा शब्द आला की जेवणाच्या टेबलावर शांतता पसरते त्यांच्यासाठी. मोल म्हणजे डझनासारखाच नग मोजायचा शब्द, फक्त बाराऐवजी सहावर तेवीस शून्यं इतके नग. मी स्वतः केमिस्ट्रीवाली, फार्मा कंपनीत क्यूसीला म्हणजे मालाचा दर्जा तपासायला, दिवसभर वजन करणं हेच काम. भाची या वर्षी अकरावीला, दादरला क्लास लावलाय, क्लासचं नाव लिहीत नाही कारण तो काही एकट्याचा दोष नाही, सगळीकडे तेच चाललंय. तिथे मोल म्हणजे एक त्रिकोण. वर वजन, खाली मोल आणि मोलर मास (एका मोलचं ग्रॅममधलं वजन), जे काढायचंय त्यावर बोट ठेवा, उरलेलं करा. पोरगी हुशार आहे, ४.६ ग्रॅम सोडियममधे किती अणू हे तिने अर्ध्या मिनिटात सोडवून दाखवलं, ०.२ मोल, १.२ गुणिले दहाचा तेविसावा घात, बरोबर. मग मी विचारलं, अगं एक मोल मीठ म्हणजे किती, चिमूटभर की मूठभर की गोणीभर? तर म्हणे आत्या, असा क्वेश्चन येत नाही.

म्हणून काटा मागवला.

पहिला ऑनलाइन मागवला तो झाकणाला तडा गेलेला आला, बॅटरीच्या कप्प्यात आधीच गंज, परत घेतला त्यांनी पण त्यात फार वेळ गेला. दुसरा मी सरळ दुकानातून चालू करून बघून घेतला. ब्रँड वगैरे काही नसतो यांना, वेगवेगळ्या नावांनी तेच मशीन येतं, त्यामुळे नाव विचारू नका. घेताना तीन गोष्टी बघा: २०० ग्रॅम क्षमता आणि ०.०१ रीडिंग (५०० ग्रॅम आणि ०.१ वाला स्वयंपाकघरातला काटा या कामाला उपयोगाचा नाही), टेअर बटण (ठेवलेल्या भांड्याचं वजन शून्य धरणारं) नीट दाबलं जातं का, आणि साध्या पेन्सिल सेलवर चालतो ना. गोल बटण-सेलवाला घेऊ नका, तो संपला की काटा ड्रॉवरमधेच जातो.

खरा आहे की खोटा हे घरच्या घरी तपासायची युक्ती: नाणी. २०११ च्या मालिकेतलं एक रुपयाचं नाणं ३.७९ ग्रॅमचं, दोनचं ४.८५, पाचचं ६.००. फार झिजलेलं नाणं नको, नवं दिसणारं घ्या. माझ्या काट्यावर पाचचं नाणं ६.०१ आलं, उरलेली दोन्ही बरोब्बर. या पैशात याहून जास्त मागणं म्हणजे लोभ. आमच्या लॅबमधला ॲनालिटिकल बॅलन्स चार दशांशापर्यंत दाखवतो पण त्याला काचेची पेटी आणि दगडी टेबल लागतं.

आता तक्रारी. पंखा. मुंबईत पंखा बंद करून बसणं म्हणजे शिक्षा, पण पंखा चालू असला की शेवटचा आकडा नाचत राहतो. दुसरं, मिनिटभर हात लावला नाही की काटा आपोआप बंद, आणि टेअर केलेलं सगळं गेलं, परत पहिल्यापासून. तिसरी खोड मात्र कोणी सांगत नाही म्हणून नीट लिहिते. या काट्यांमधे शून्य धरून ठेवायची सोय असते, म्हणजे रिकाम्या तबकडीवर अगदी हळूहळू, दोन-चार दाणे दोन-चार दाणे असं मीठ टाकत गेलात तर काटा त्याला आपलाच ड्रिफ्ट, म्हणजे शून्याचं आपोआप सरकणं, समजतो आणि शून्यावरच बसून राहतो. भाची मन लावून कण-कण टाकतेय, तबकडीवर छोटा ढीग दिसतोय आणि स्क्रीनवर ०.००. उपाय सोपा आहे, आधी नाणं किंवा कागद ठेवा, त्याचं वजन लिहून घ्या आणि टेअर न करताच पुढे टाकत जा, किंवा थोडं जास्त टाकून मग चमच्याने काढत या. लॅबमधे आम्ही नव्या ट्रेनीला हेच शिकवतो की वजन घातलं एवढं पुरत नाही, काट्याने ते बघितलं का ते बघ.

तर मीठ. एका मोलचे ग्रॅम बघा: सोडियम २२.९९, क्लोरीन ३५.४५, बेरीज ५८.४४. क्लोरीनचा आकडा असा मधेच लटकलेला का, तर निसर्गात ३५ आणि ३७ असे दोन प्रकारचे क्लोरीन साधारण तीनास एक या प्रमाणात मिसळलेले असतात, त्याची ती सरासरी. ५८.४४ ग्रॅम मीठ मोजून तिच्या ओंजळीत दिलं. मूठभर निघालं. "एवढंच? आणि यात सहा वर तेवीस शून्यं?" हो बाई, एवढंच. आणि काट्यावर जो सगळ्यात बारीक आकडा दिसतो, ०.०१ ग्रॅम, म्हणजे नखावर मावेल इतकं मीठ, त्यात सुद्धा सोडियम-क्लोराईडच्या जोड्या एकावर वीस शून्यं इतक्या. म्हणजे माझा काटा जिथे हात टेकतो तिथे अजून कोट्यवधी कोटी अणू शिल्लक आहेत. मोजायचं कसं मग? मोजायचंच नाही, तोलायचं. नागदेवी स्ट्रीटला हार्डवेअरवाला स्क्रू एक-एक मोजत बसत नाही, एका स्क्रूचं वजन त्याला माहीत असतं, शेकडा हवे तर तेवढं वजन टाकतो, बारीक स्क्रूचा शेकडा हलका, जाड्याचा जड, नग तेवढेच. इथे एका नगाचं वजन पिरियॉडिक टेबलात छापलेलं आहे, एवढाच फरक.

मग आम्ही डायनिंग टेबलावर कागदी द्रोण मांडले आणि प्रत्येकात एक दशांश मोल ठेवला. दशांश का, तर साखरेचा पूर्ण मोल ३४२.३० ग्रॅम भरतो आणि काट्याची धाव २०० पर्यंत. पाणी १.८० ग्रॅम, द्रोणाच्या तळाला नुसता ओलावा. ॲल्युमिनियम फॉईल २.७०. मीठ ५.८४. लोहार चाळीतून आणलेल्या वायरमधली सोललेली तांब्याची तार ६.३५. खायचा सोडा ८.४०. साखर ३४.२३, द्रोण भरून वर. हे सगळं शेजारी शेजारी बघितल्यावर तिला जे कळलं ते त्रिकोणावर बोट ठेवून कळलं नव्हतं, की नग सगळीकडे सारखेच आहेत, फक्त नग कुठला ते आधी सांगावं लागतं. तांब्यात नग म्हणजे अणू, साखरेत रेणू, मिठात जोडी. "एक मोल ऑक्सिजन" हा प्रश्नच म्हणून अर्धवट आहे, ऑक्सिजनचे अणू म्हणत असाल तर १६ ग्रॅम आणि ओटू म्हणत असाल तर ३२. निम्मी मुलं इथेच मार्क घालवतात आणि त्यांना कोणी सांगत नाही की चूक गणितात नाहीये, मोजतोय काय हे न विचारण्यात आहे.

पावसाळ्यात हे करणार असाल तर एक सूचना. जुलैमधे आपल्याकडे मिठाच्या डब्यात हात घातला की चिकटतो, म्हणजे तुम्ही मिठाबरोबर पाणीही तोलताय. तव्यावर जरा कोरडं करून गार करून घ्या.

आता खरी मजा, म्हणजे ज्यासाठी काटा वसूल झाला ती. तुरटी. तुरटीची लाही घरोघरी माहीत असते, तोंड आलं की आजी फुलवून द्यायची. पण ती फुलते का? तुरटीचं सूत्र लिहिताना एक पोटॅशियम, एक ॲल्युमिनियम, दोन सल्फेट आणि मग एक टिंब देऊन बारा एचटूओ लिहितात. ते टिंब आणि बारा भाचीने पाठ केलेलं होतं, नऊ किंवा चौदा का नाही असं विचारल्यावर परत तेच, असा क्वेश्चन येत नाही.

वाण्याकडची तुरटी घेऊ नका. ती पोटॅश तुरटी असेलच असं नाही, पाणी निवळायला जी विकतात ती बऱ्याचदा नुसतं ॲल्युमिनियम सल्फेट असते, त्याचं सूत्र वेगळं, मग बारा कधीच येणार नाही आणि दोष काट्याला. मी प्रिन्सेस स्ट्रीटला गेले, मरीन लाइन्सला उतरून चालत, आता शामळदास गांधी मार्ग म्हणतात पण तसं कोणी म्हणत नाही. तिथे लॅबचं सामान विकणारी दुकानं आहेत. काउंटरवरचे काका आधी संशयाने बघतात, "किस लिए चाहिए, कॉलेज का लेटर है?" तुरटी म्हटल्यावर हसले आणि डबी काढून दिली. ॲसिड वगैरे मात्र सहज देत नाहीत आणि ते बरोबरच आहे. या दुकानाला माझे पूर्ण मार्क, कारण डबीवरचं लेबल. त्यावर सूत्र, त्याखाली मोलर मास ४७४.३९, शुद्धता किमान किती टक्के, सगळं छापलेलं. भाचीने ते लेबल लोकलमधे उभ्या उभ्या वाचलं आणि मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर बेरीज करून बघितली, जुळली, तेव्हाचा चेहरा बघण्यासारखा होता.

घरी ४.७४ ग्रॅम घेतली, म्हणजे शतांश मोल. जुनी स्टीलची वाटी, आधी रिकामी तोलून. मंद गॅसवर सांडशीने धरून. आधी तुरटी वितळते, स्वतःच्याच पाण्यात विरघळल्यासारखी, मग बुडबुडे, मग पांढरा फेस फुगत वर येतो आणि तसाच कडक होतो. ती वाफ म्हणजेच ते टिंबापुढचं पाणी. चष्मा घाला, उडते, आणि ती वाटी परत आमटीला वापरू नका. गरम वाटी काट्यावर ठेवलीत तर काटा बिघडेल आणि आकडाही खोटा येईल, पूर्ण गार होऊ द्या, भाचीला इथेच धीर नव्हता.

पहिल्या खेपेला उरलं २.६३. म्हणजे २.११ ग्रॅम पाणी गेलं. पाण्याचे मोल ०.११७१, उरलेल्या कोरड्या तुरटीचे मोल (तिचं मोलर मास २५८.२१) ०.०१०२, भागाकार साडेअकरा. ती म्हणाली बारा धरूया ना, जवळच आहे. मी म्हटलं साडेअकरा रेणू कसे असतील आणि असं धरायचं असतं तर काटा कशाला घेतला. परत तापवली. गार केली. २.५९. आता गेलेलं पाणी २.१५, भागाकार ११.९. आणखी एकदा तापवून बघितलं, आकडा हलला नाही. वजन हलायचं थांबेपर्यंत तापवायचं, हीच ती पद्धत, आमच्याकडे गोळ्यांच्या पावडरमधला ओलावा सुद्धा असाच बघतात. ११.९ ला बारा म्हणायला आता माझी हरकत नव्हती. पुस्तकातला बारा असा कोणीतरी तोलून काढलेला आहे हे एकदा हाताने केल्यावर सूत्र म्हणजे पाठांतर राहत नाही.

हाच प्रकार मोरचुदावर करतात शाळांमधे, निळा रंग जाऊन पांढरा होतो, दिसायला जास्त छान, पण मोरचूद विषारी आहे, स्वयंपाकघरात नको. खायचा सोडा चालेल. ८.४० ग्रॅम तव्यावर भाजलात की ५.३० उरतात, दोन सोड्यांमागे एक धुण्याचा सोडा, एक पाणी आणि एक सीओटू, गेलेले ३.१० ग्रॅम म्हणजे ०.९० पाणी आणि २.२० गॅस. आमचं ५.३४ आलं, बहुतेक कडेचा सोडा कच्चा राहिला.

गॅसवरून एक, एक मोल गॅस २२.४ लिटर भरतो की २२.७ लिटर यावर क्लासच्या पोरांची भांडणं होतात. दोन्ही शून्य अंशाला, एक ॲटमॉस्फिअर दाब धरला तर २२.४, एक बार धरला तर २२.७. आपापल्या पुस्तकात काय धरलंय ते बघा आणि तेच लिहा. मुंबईच्या तीस अंशात, एक ॲटमॉस्फिअरलाच, तोच मोल २४.९ लिटर भरतो.

आता किट. काळे कार्बन चार भोकांचे, लाल ऑक्सिजन दोन, पांढरे हायड्रोजन एक, निळे नायट्रोजन तीन, हिरवे क्लोरीन एक. प्लास्टिक बरं आहे, काड्या मात्र नव्या असताना इतक्या घट्ट की काढताना बोटं दुखतात. संयुजा म्हणजे काय, एक अणू किती जोड लावू शकतो, हे भोकं मोजून पाचव्या मिनिटाला कळतं, त्यासाठी किटला पैकीच्या पैकी. पाण्यात एकच हायड्रोजन लावून बघ म्हटलं तर ऑक्सिजनचं एक भोक उघडं राहिलं. गंमत म्हणजे अणुसिद्धांतवाल्या डाल्टनने पाण्याचं सूत्र एचओच धरलं होतं, त्यामुळे त्याचं ऑक्सिजनचं वजन आजच्या निम्म्याच्या आसपास यायचं. ॲव्होगॅड्रोने १८११ मधे मांडलं की सारख्या तापमान-दाबाला सारख्या आकारमानाच्या वायूंमधे रेणू सारखेच, त्यातून एचटूओ निघतं, पण लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही. बिचारा १८५६ ला गेला आणि १८६० मधे कार्ल्सरूहच्या रसायनशास्त्रज्ञांच्या परिषदेत कॅनिझारो या केमिस्टने त्याची बाजू मांडली तेव्हा कुठे अणुवस्तुमानं सरळ व्हायला लागली. एका मोलमधल्या नगांचा जो आकडा ॲव्होगॅड्रोच्या नावाने ओळखतात तोही त्याने मोजलेला नाही, ते नाव पेराँ या शास्त्रज्ञाने १९०९ मधे दिलं.

किटचा दुसरा चांगला उपयोग म्हणजे साधं सूत्र (अणूंचं नुसतं प्रमाण) आणि रेणुसूत्र (एका रेणूतले खरे अणू) यातला फरक. फॉर्माल्डिहाईड, व्हिनेगरमधलं ॲसिटिक ॲसिड आणि ग्लुकोज, तिघांचं साधं सूत्र एकच, सीएचटूओ. टक्केवारी काढलीत तर तिघांची सारखी येणार. पण बांधायला बसलात की एकाला एक काळा बॉल लागतो, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला सहा, मोलर मास ३०, ६० आणि १८०. टक्केवारीचं गणित इथपर्यंतच नेतं, पुढे मोलर मास हातात असल्याशिवाय जाता येत नाही, हे ग्लुकोज बांधताना बॉल संपत आल्यावर आपोआप कळतं. आणि दोन कार्बन, सहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन देऊन "बनव काहीतरी" म्हणा, एक जण इथेनॉल बनवेल, दुसरा डायमिथाइल ईथर, वजन तेच ४६.०७, वस्तू वेगळी.

पण मग बॉक्सवर मीठ. एक करडा बॉल, एक हिरवा बॉल, मधे काडी, खाली "सोडियम क्लोराईड मॉलिक्यूल". हे चूक आहे आणि लहानसहान चूक नाही. मिठात असा सुटा रेणू नसतोच, प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराईड आणि प्रत्येक क्लोराईडभोवती सहा सोडियम, अशी जाळी दाण्याच्या टोकापर्यंत. एनएसीएल हे मिठाचं सूत्र फक्त प्रमाण आहे, एकास एक. म्हणूनच वर मी मिठाला जोडी म्हटलं, रेणू नाही. ज्या किटमधे मिठाची काडी जोडून दाखवतात त्यांनी तुरटी कशी जोडली असती देव जाणे. अमोनियम (एका नायट्रोजनला चार हायड्रोजन) पण बनत नाही यात, नायट्रोजनला चौथं भोकच नाही. एवढ्यासाठी किटला पाचपैकी तीन, काट्याला साडेचार, मिनिटभरात बंद पडण्याबद्दल अर्धा मार्क कापला.

कोणीतरी विचारणारच म्हणून, क्लासच्या नोट्समधे मोलची व्याख्या अजून "१२ ग्रॅम कार्बन-१२ मधे जितके अणू" अशी आहे. २० मे २०१९ पासून ती बदलली, आता आकडाच ठरवून टाकलाय, ६.०२२१४०७६ गुणिले दहाचा तेविसावा घात, नेमका, पुढे काही नाही. साडेतीनशेच्या काट्यावर दोन्हीत काडीचा फरक दिसत नाही, परीक्षेत पुस्तकात असेल ती लिहा.

आणि काटा घेतलात की बरोबर बटर पेपर घ्या, चौकोन कापून मधे घडी घालायची, पावडर त्यावर तोलायची आणि घडीतून ओतायची. वर्तमानपत्राचा कागद नको, पावडर धाग्यात अडकते आणि दमटपणाने कागदाचंच वजन बदलत राहतं.